मागच्या डाव्या बाजूची मॅट

१

मॅट नव्हती.

पुढच्या दोन होत्या, मागची उजवीकडची होती, पण मागच्या डाव्या सीटपुढे नुसतं उघडं कार्पेट. मी सीटखाली हात घालून चाचपलं, डिकी उघडली, स्टेपनी उचलून तिच्या खालीसुद्धा पाहिलं. मॅट म्हणजे काही शर्टाचं बटण नव्हे, की पडलं आणि दिसलं नाही.

आणि हे कधी? तर गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी!

पहिलं सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात गाड्या येत-जात असतात त्यांना कळायचं नाही. आमच्या घराण्यात स्वतःच्या मालकीची चारचाकी आजवर कुणाच्याच दारात उभी राहिली नव्हती. ती माझ्या लेकीने आणली, स्वतःच्या कमाईतून, कुणापुढे हात न पसरता. त्या दिवसापासून मी सोसायटीतून मान ताठ ठेवून चालतो. बायको म्हणते, मानेत उसण भरेल. भरू दे.

तर सर्व्हिसिंगची तयारी मी आठवडाभर आधीपासून लावली होती. कागदपत्रं एका पिशवीत, दुसरी किल्ली दुसऱ्या पिशवीत. घरातल्या प्रत्येकाला गाठून विचारलं, "गाडीबद्दल काही तक्रार असेल तर आत्ताच सांगा, मागाहून चालणार नाही." कुणाची काही तक्रार नव्हती. तिथे जाऊन सांगायला एखादी तरी हवी, म्हणून मी स्वतः गाडीत बसून कान देऊन ऐकलं. काहीसुद्धा वाजत नव्हतं. "गाडी सर्व्हिसिंगला चाललीय की वक्तृत्व स्पर्धेला?" असं बायकोने विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं माझ्या मेव्हण्याकडे राहायला गेलो आणि रविवारी दुपारी परतलो. आल्या आल्या मी पाणीसुद्धा न पिता बादली आणि फडकं घेऊन खाली उतरलो. मागच्या चाकाला टेकून एक अर्धी वीट पडली होती. हा शेजारच्या वकीलसाहेबांचाच चावटपणा, असं म्हणून ती मी पायाने त्यांच्या कुंड्यांकडे सरकवली. मग पुसायला घेतलं, तर काय? धूळ सगळ्या गाडीवर होती, पण मागचं डावं दार मात्र लख्ख. हँडलच्या खाचेतसुद्धा कण नाही. कुणीतरी फक्त तेवढंच दार धुतलं होतं.

ते दार उघडलं, तेव्हा मॅट नव्हती.

मग ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट पार मागे ढकललेली होती. माझी लेक उंचीने माझ्या खांद्याला लागते. ती सीट पुढे ओढून, नाक स्टिअरिंगजवळ नेऊन गाडी चालवते. म्हणजे आमच्या माघारी ही गाडी कुण्या उंच माणसाने चालवली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

२

मी नोकरीत वजनकाटे तपासणारा निरीक्षक होतो. मला लांबून पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला लागत. त्यामुळे तपासाचं काम आपल्या हाडातच आहे, असं मी समजतो. रेक्टरबाई तसं समजत नाहीत.

रेक्टरबाई म्हणजे माझी बायको. ती मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती आणि मुली तिला पाठीमागे 'एक्स-रे' म्हणायच्या. निवृत्त झाली तरी किरणं अजून चालू आहेत. घरात मीसुद्धा तिचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात करतो. सवय चांगली.

"मॅट गेली, दार धुतलं, सीट मागे," मी वर येऊन त्यांना सांगितलं. "चोर उंच आहे."

"चोर मॅट नेतो आणि गाडी ठेवून जातो?" रेक्टरबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

उंच म्हटल्यावर पहिला संशय चिरंजीवांवर. आमचे चिरंजीव दारातून आत येताना मान वाकवतात. हातात शिकाऊ लायसन्स, अंगात उत्साह. खोलीत गेलो तर साहेब संध्याकाळ व्हायला आली तरी अंथरुणात.

"गाडीला हात लावलास?"

"कुठल्या?"

"आपल्याकडे किती आहेत?"

"बाबा, मी मॅच बघून झोपलो तो आत्ता उठतोय. सकाळी किल्ल्या वाजल्याचं ऐकलं. ताईने नेली असेल."

"कुठे?"

"झोपलो होतो ना! झोपेत पत्ता कसा विचारणार?"

मागून रेक्टरबाईंचा आवाज आला, "गालावर उशीचा वळ आहे. खरं बोलतोय तो. सोडा त्याला."

मी खाली वकीलसाहेबांकडे गेलो. आमचं पार्किंग आणि त्यांच्या कुंड्या यांच्यात जुनं वैर आहे. विटेबद्दल जाब विचारला, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "वीट माझी नाही. मी अर्धवट काही ठेवत नाही. पण एक सांगतो, आज दुपारी तुमची गाडी आत शिरली ना, मी टाळी वाजवायचा बाकी होतो. एरवी तुमची कन्या तीन-चार वेळा पुढे-मागे करते आणि मी श्वास रोखून कुंड्या मोजतो. आज मागून, एका दमात, दोरी लावल्यासारखी आत!"

"चालवत कोण होतं?"

"उन्हाने काच चमकत होती. आणि मी निरखून बघितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, वकील डोकावतो."

चिरंजीव एकदम सुटले. त्यांना गाडी सरळ पुढे नेता येत नाही, मागे कुठून? म्हणजे आता उंच तर उंच, वर गाडीवर हात बसलेला माणूस. असा कोण?

विचार करत जिना चढलो तर वरच्या गॅलरीत लेक फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी पायरीवरच थबकलो. चोरून ऐकणं वाईट. पण निरीक्षकाला ते क्षम्य असतं.

"...घाटात गाडी लागली, एवढंच ना? त्यात काय एवढं! कुणाच्याही बाबतीत होतं. मॅट मी टाकून दिली, दार धुतलं. बाबाला काही कळणार नाही. शब्द दिलाय ना मी? काळजी करू नका."

सर्व्हिसिंग उद्यावर आलेलं, आणि आमची कोरी करकरीत गाडी घाटात लागली होती.

३

मी पुन्हा खाली गेलो. गाडीवरून तळहात फिरवला, पुढून, मागून, बाजूंनी. गुडघे टेकून बंपरच्या खाली टॉर्च मारला. कुठे चरा नाही, पोचा नाही, रंगाचा टवका नाही. गाडी लागली होती आणि गाडीला काहीच लागलं नव्हतं.

खरं सांगतो, मला चऱ्याचं एवढं नव्हतं. चरा भरून निघतो. मला लागलं होतं ते दुसरंच. लेक लहानपणापासून माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. पाचवीत असताना माझा तपासणीचा सरकारी तराजू तिच्या हातून पडला, तर मी घरी येण्याआधी ती रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली होती, सांगायला. लोकांपुढे मी गाडी मिरवतो, पण मनातल्या मनात मी हेच मिरवत असतो. आणि ती म्हणत होती, बाबाला काही कळणार नाही.

चहाच्या वेळेला नेहमीप्रमाणे दादा आला.

दादा माझा थोरला भाऊ, दहा वर्षांनी मोठा. मागच्या गल्लीत एकटा राहतो. सगळी नोकरी त्याने बस चालवण्यात घालवली, तीही घाटातल्या मार्गावर. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही. सत्तरीतसुद्धा खांबासारखा सरळ. मला तो 'लिंबू' म्हणतो, अगदी चारचौघांतसुद्धा. लहानपणी त्याच्या बसमधून जाताना मी खिडकीला तोंड लावून, हातात लिंबू घट्ट धरून बसायचो, म्हणून. माझी नोकरी झाली, लग्न झालं, केस गेले, पण कुणाशी ओळख करून देताना दादा म्हणणार, "हा आमचा लिंबू." निवृत्तीच्या समारंभात माझ्या साहेबांनासुद्धा त्याने हेच सांगितलं होतं.

"घे," मी बिस्किटांची बशी पुढे केली.

"नको अरे. आणि दूध घालू नको चहात."

"बरं. उद्या सकाळी तयार राहा."

सर्व्हिसिंगला माझ्याबरोबर दादा येणार, हे केव्हाचं ठरलं होतं. "तिथल्या पोरांना इंजिनाला कान कसा लावायचा ते दाखवतो," असं तो पंधरा दिवस सांगत होता. पण आता त्याने कपाकडे बघत म्हटलं, "उद्या मला जमणार नाही. गुडघा धरलाय."

लेक त्याच वेळी पाणी घेऊन आली, पेला ठेवून लगेच वळली. दादा चहा अर्धा ठेवून उठला आणि "येतो रे" म्हणून गेला. जिना मात्र तो नेहमीसारखाच खाडखाड उतरला.

मला गुडघ्यांचा विचार करायला वेळ नव्हता. मी लेकीला गाठलं. मनात दहा प्रश्न तयार केले होते, तोंडातून एकच आला.

"घाटात गाडी लागली?"

दादाचा अर्धा कप उचलता उचलता ती थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"लागली की नाही, तेवढं सांग."

तिने कप परत खाली ठेवला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "लागली. पण कुणाला लागली, ते विचारू नको बाबा. मी शब्द दिलाय."

आणि माझा चेहरा बघायला न थांबता ती आत निघून गेली.

कुणाला लागली. कशाला लागली असं नाही, कुणाला! भिंतीला नाही, दगडाला नाही, कुण्या माणसाला. आणि नंतर कुणीतरी दार धुतलं होतं. मॅट फेकून दिली होती.

४

मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो आणि रेक्टरबाईंना सगळं सांगितलं.

"कुणीतरी जखमी माणूस आपल्या गाडीतून नेलाय त्यांनी," मी म्हणालो. "पोलिसांकडे जावं लागेल. मीच घेऊन जाईन तिला. माझी लेक आहे, तोंड लपवायचं नाही."

रेक्टरबाईंनी गॅस बारीक केला. "आधी मला सांगा. फोनवर ती शेवटी काय म्हणाली? शब्दन् शब्द."

"काळजी करू नका."

"नका की नको?"

"आता या घडीला व्याकरण काय काढतेस?"

"नका की नको?"

"नका. स्पष्ट ऐकलं. नका."

"तुम्हाला ती काय म्हणते? 'तू'. मला? 'तू'. भावाला तर काय, 'अरे गाढवा'. मैत्रिणींना 'अगं'. पुढे. आत्ता ती काय म्हणाली? 'कुणाला लागली'?"

"तेच तर म्हणतोय मी! कुणाला!"

"ओरडू नका. मी रेक्टर होते, मला ऐकू येतं. ती वीट कुठे आहे?"

"कुठली वीट?"

"चाकाला टेकलेली. तुम्ही लाथाडली ती."

"कुंड्यांजवळ. पण इथे माणूस जखमी..."

त्या पदर खोचून खाली गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी वीट उचलून मागच्या चाकामागे ठेवली, उभं राहून बघितली, परत उचलली. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाय लांब केले. मग मागचं डावं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि चक्क वास घेतला. वर येताना वकीलसाहेबांशी दोन शब्द बोलल्या. घरात आल्यावर ओट्यावरचा एक डबा उघडला. शनिवारी निघताना दादाच्या रविवारच्या जेवणासाठी म्हणून भरून ठेवलेला डबा. जसाच्या तसा परत आला होता.

"दोन माणसांचं जेवणारा माणूस," त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. "बरं, चहाच्या वेळी दादांनी तुम्हाला काय हाक मारली?"

मी आठवून बघितलं. "अरे म्हणाला. जाताना, येतो रे."

"लिंबू म्हणाले?"

"नाही." मला तेव्हाच ते जाणवलं होतं, पण वाटलं, वयाने शहाणपण आलं असेल.

"लहानपणापासून आजवर एकदा तरी न म्हणता गेलेत?"

मी नाही म्हणून मान हलवली. रेक्टरबाई एकदम खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इकडे माझा जीव टांगणीला आणि ही हसतेय!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अहो, ज्याला गाडी लागली, त्या माणसाला तुम्ही आत्ता स्वतःच्या हाताने चहा दिलात."

५

लेकीला स्वयंपाकघरात बोलावण्यात आलं. चिरंजीवांना दूध आणायला पिटाळलं. दार बंद झालं.

"तू काही बोलायचं नाहीस," रेक्टरबाई तिला म्हणाल्या. "शब्द दिलायस ना? मग तो मोडायचा नाही. बोलणार मी. तू फक्त ऐक."

लेक ओट्याला टेकून उभी राहिली.

"गाडी चालवणारा उंच होता. उंच तुझा भाऊ आणि उंच तुझे काका. भावाला गाडी मागे घेता येत नाही. वकीलसाहेब काय म्हणाले? दोरी लावल्यासारखी, एका दमात, मागून. एवढी बस रोज मागे घेऊन फलाटाला लावणाऱ्याला ही गाडी म्हणजे खेळणं. आणि फोनवर 'नका'. या घरात तू 'तुम्ही' म्हणतेस ते एकाच माणसाला."

"तिच्या ऑफिसातला साहेब असेल," मी म्हणालो. तपासात शंका काढावी लागते.

"ऑफिसातला साहेब गाडी उभी करून चाकामागे वीट लावेल? तीही सपाट जागेवर? अहो, घाटात बस उभी केली की चाकाला दगड लावल्याशिवाय दादा कधी खाली उतरले नाहीत. आपल्याकडे एकदा मुक्कामाला आले तर चिरंजीवांच्या सायकलला लावला होता."

ते मला आठवलं. मीच त्या दगडाला अडखळलो होतो.

"पण मग माणसाला लागली ती गाडी?" मी विचारलं.

"लागली की. गाडी भिंतीला लागते. गाडी माणसाला धडकून लागते. आणि अजून एका तऱ्हेने माणसाला गाडी लागते." रेक्टरबाईंनी टोपलीतलं लिंबू उचलून माझ्यापुढे ठेवलं. "ती मी तुम्हाला समजावू?"

मी लिंबाकडे बघत राहिलो. डावी सीट. मॅट. दाराच्या बाहेरच्या बाजूने, खिडकीखाली, हँडलच्या खाचेपर्यंत धुतलेलं दार. दूध नको, बिस्किट नको, डबा नको. लहानपणभर ज्याला गाडी लागत आली, त्या मला ते दिसलं नव्हतं. गाडी घरात आल्यापासून 'लागली' म्हटलं की मला फक्त चरा दिसत होता.

"दादाला?" मी म्हणालो. "दादाला गाडी लागली?"

"का नाही लागणार? आयुष्यात कधी मागच्या सीटवर बसलेत ते? स्वतः चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी कळतं, हातात चाक असतं. मागे बसल्यावर दोन्ही गेलं. त्यात काचा बंद. हिने बसवलं असेल मानाने मागे. चढताना गाडी चालवली हिने, आणि पोट रिकामं झाल्यावर उतरताना त्यांनी स्वतः. तेव्हा काही झालं नसणार. म्हणून सीट मागे. खरं की नाही, ते तू सांगू नकोस."

लेकीचे डोळे भरून आले होते. मग ती हळूच म्हणाली, "काल रात्री काका एकदाच म्हणाले, माझा घाट कसा आहे बघायला हवा. एवढंच मी सांगू शकते. बाकी शब्द दिलाय."

तेवढं पुरेसं होतं. मला सगळं चित्र दिसलं. उभा जन्म लोकांना घाट चढवणारा माझा भाऊ, पुतणीच्या नव्या गाडीत मागे राजासारखा बसलेला. आणि ज्या वळणांवर तो रुबाबात भोंगा वाजवायचा, त्याच वळणावर खिडकीतून डोकं बाहेर. आणि सगळ्यात आधी त्याच्या मनात आला असणार मी. लिंबूला कळलं तर?

"माझ्याशी खोटं बोलावंसं नाही वाटलं तुला?" मी लेकीला विचारलं. "काही लागलं नाही, म्हणाली असतीस तर मी गप्प बसलो असतो."

"तुझ्याशी?" ती म्हणाली. "तू विचारल्यावर 'नाही' कसं म्हणणार? आणि काकांचं नाव कसं सांगणार? मग जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं."

आई शप्पथ सांगतो, गाडी घरी आली त्या दिवशी माझी छाती फुगली होती, ते काहीच नव्हतं. बापाशी खोटं नाही आणि काकाला दिलेला शब्द नाही मोडला. दोन्ही पारडी सारखी. एवढी वर्षं तराजू तपासले, असा नेमका तराजू मी पाहिला नाही.

"आता तुमची पाळी," रेक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आयुष्यभराचा हिशेब चुकता करायची संधी आलीय. काय करणार?"

लिंबू माझ्यासमोर ओट्यावर होतं. मोह झाला नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल.

६

सकाळी मी दादाच्या दारात हजर झालो.

"गुडघा धरलाय म्हटलं ना," तो दार न उघडता आतूनच म्हणाला.

"माझाही हात धरलाय," मी म्हणालो. "लेकीला त्या गर्दीच्या रस्त्याने गाडी न्यायची भीती वाटतेय आणि पहिल्या सर्व्हिसिंगला जाताना एखादा चरा पडला तर मी जीव देईन. तू चालव."

दार उघडलं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. म्हणजे सकाळी उठून, न येण्यासाठी, हा माणूस तयार होऊन बसला होता.

गाडीजवळ आल्यावर त्याने वाकून मागच्या चाकामागची वीट काढली. ती मीच रात्री परत लावून ठेवली होती. तो एक क्षण विटेकडे बघत थांबला आणि मग ती त्याने कडेला ठेवली. सीट मागे सरकवली, आरसा वर केला, ताठ बसला. शेजारी लेक. मी मागे, डावीकडे, मॅट नसलेल्या जागी पाय ठेवून बसलो. आमच्या दादाने त्या गर्दीतून गाडी अशी काढली, की मागे माझ्या मांडीवरची कागदांची पिशवी हलली नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं. बघ म्हटलं, बघ नीट, असा हात पुन्हा दिसायचा नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये एक चुणचुणीत सुपरवायझर बाई पुढे आली. तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, बोनेट उघडून बघितलं.

"छान ठेवलीय हो गाडी," ती म्हणाली. मी असा उभा राहिलो जणू मीच ती घडवली. "काही तक्रार?"

"नाही."

"काही आवाज, खडखड?"

"छे!"

"गाडी कुठे लागली वगैरे नाही ना? तसं असेल तर आधी सांगा, नोंद करून ठेवावी लागते."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. दादा किल्ली हातात धरून उभा होता, ती त्याच्या मुठीत आवळली गेलेली मला दिसली. एवढा मोठा माणूस, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"लागते ना," मी म्हणालो.

"कुठे?"

"मला. लहानपणापासून. बसमध्येसुद्धा लिंबू हातात धरून बसायचो. मागे एक मॅट कमी दिसेल तुम्हाला, तीही माझ्यापायीच गेली समजा. तेवढी एक नवी घाला. बाकी आमच्या घरात गाडी कुणालाच लागत नाही." आणि दादाकडे हात करून म्हणालो, "हे माझे थोरले बंधू. सगळी नोकरी घाटात बस चालवली. गाडीला कधी ओरखडा नाही."

बाई हसली, काय ते तिला पुरतं कळलं नसावं. तिने माझ्याकडे बोट करून दादाला विचारलं, "आणि हे कोण?"

मी तयार होतो. आमचा लिंबू. ऐकायची सवय होती.

दादाने घसा साफ केला. मूठ उघडली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "हा माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "निरीक्षक होता. दुकानदार कापायचे त्याला बघून. आणि ही गाडी त्याच्या मुलीने स्वतःच्या जिवावर घेतलीय."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. लेक उगाचच भिंतीवरचे टायरचे भाव वाचायला लागली.

दुपारी गाडी परत मिळाली, आणि मागच्या डाव्या बाजूला नवी मॅट. मी सवयीने मागचं दार उघडलं, तर दादा ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडला, "लिंबू, पुढे ये! मागे बसून परत मॅट घालवायचीय का?"

असा आवाज दिला, की अख्ख्या सर्व्हिस सेंटरने वळून पाहिलं. मी मान ताठ करून पुढच्या सीटवर जाऊन बसलो.